हिरवटपणाची बाजू

रेड वाइनच्या पेल्यातून ढोबळी मिरचीचा वास आला की टेबलाभोवतीची निम्मी मंडळी नाक मुरडतात. ‘कच्ची आहे’ असा निकाल लागतो आणि बाटली हळूहळू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकते. मी शक्यतो त्या टोकाला बसते.

हा वास ज्या वाइनमध्ये सर्वांत उघडपणे भेटतो ती काबर्ने फ्रां या द्राक्षाची, फ्रान्समधल्या लुआर नदीच्या मधल्या टप्प्यात होणारी. शिनों, बूर्गय, सँ-निकोला-द-बूर्गय, सोम्यूर-शांपिन्यी ही तिची नावं, तिथल्या गावांवरून आलेली. पहिल्या तिघांना १९३७ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं, चौथ्याला १९५७ मध्ये. शिनोंच्या रेड वाइनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत काबर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष मिसळायची मुभा आहे, पण बहुतेक बाटल्यांत निव्वळ काबर्ने फ्रांच असते. वाइनच्या जगात फार मान असलेला हा मुलूख नव्हे. पांढऱ्या वाइनसाठी लोक लुआरचं नाव आदराने घेतात, रेडचा विषय निघाला की सौजन्याने गप्प बसतात.

पेला हातात घेतला की आधी रंग. शाईसारखा काळाभोर रंग इथे सहसा दिसत नाही. पेल्यामागे बोट धरलं तर नखाची कड दिसावी इतपत पारदर्शक, आणि कडेला जांभळट झाक. नाक लावलं की पहिल्यांदा फळ येतं: रासबेरी, लाल करंट, किंचित आंबट चेरी. ते जरा ओसरलं की नुकतंच टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास, लाकडाचा आणि शिशाचा मिळून. बाटली चांगली असेल तर त्यात व्हायोलेटच्या फुलांचा हलका शिडकावा असतो. आणि या सगळ्याच्या तळाशी तो हिरवा वास. दर वेळी तो ढोबळी मिरचीचाच असतो असं नाही. टोमॅटोच्या झाडाला हात लावल्यावर बोटांना जो उग्र वास राहतो तो कधी येतो, कधी चुरगळलेल्या पानाचा, कधी ओल्या झुडपाचा. पेला तसाच बाजूला ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा नाकाशी नेला तर क्रम पालटलेला असतो. मघाशी फळामागे असलेली पेन्सिल आता वर आलेली असते, पान मागे गेलेलं असतं, आणि फळ मघापेक्षा पिकलेलं वाटतं. या क्रमबदलासाठी मी संध्याकाळभर एकच पेला पुरवून पुरवून पिऊ शकते. घरच्यांना ते कंजूषपणाचं लक्षण वाटतं.

तोंडात घेतल्यावर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. तुरटपणा आहे, पण बारीक दाण्याचा, हिरड्यांवर जरा रेंगाळून जाणारा. मद्यार्क जुन्या पद्धतीच्या बाटलीत साडेबारा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे गिळताना घशात ऊब जाणवते, जळजळ होत नाही. आणि सगळ्याला धरून ठेवणारा आंबटपणा. पतंगाच्या दोऱ्यात ताण असतो तसं त्याचं काम आहे. तो ढिला पडला की फळ, फूल, तुरटपणा, सगळं एका जागी गोळा होऊन खाली बसतं.

ही वाइन जरा गार प्यावी, १४ ते १६ अंशांना. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला ज्या काळात रुजला, त्या काळी युरोपातल्या खोल्या आजच्याइतक्या उबदार नव्हत्या. पंचवीस अंशांना प्यायली तर नाकात मद्यार्क आधी घुसतो आणि फळाचा मुरंबा होतो. उलट फार गार केली तर तुरटपणा चावरा होतो आणि वास दडून बसतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की जमतं. थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही.

आता त्या बदनाम वासाकडे. त्याच्यामागे मेथॉक्सीपायराझिन या कुळातला एक रेणू आहे. ढोबळी मिरचीत तो १९६९ मध्ये ओळखला गेला, आणि १९७५ मध्ये फ्रेंच संशोधकांना तोच काबर्ने सोव्हिन्योंच्या द्राक्षांत सापडला. त्यामुळे वाइनमध्ये ढोबळी मिरची आहे असं कुणी म्हणालं तर त्याला हसू नये. तो कल्पनेच्या भराऱ्या मारत नसतो, दोन्हीकडे एकच रेणू असतो. माणसाचं नाक या रेणूच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे दोन अब्जांश एवढा जरी असला तरी तो कळतो. रेड वाइनमध्ये इतर वासांची गर्दी असते म्हणून काही पट जास्त लागतो, पण हिशेब अब्जांशांतच राहतो. एवढ्याशा ऐवजामुळे अख्ख्या मुलखाची रेड वाइन पोरकी व्हावी, याची मला गंमतही वाटते आणि रागही येतो.

हा रेणू मण्यात कधी येतो आणि कधी जातो, यात सगळी कथा आहे. मणी हिरवा, कडक आणि आंबटढाण असतो तेव्हा, पाणी उतरायच्या आधी, तो झपाट्याने साठतो. पाणी उतरलं, मणी मऊ पडू लागले, रंग चढू लागला की तो घटायला लागतो. किती वेगाने घटेल ते ऊन आणि उष्णता ठरवतात. उष्ण प्रदेशात तोडणीपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. लुआरमध्ये मात्र ऑगस्ट सरता सरता रात्री गार होऊ लागतात आणि उन्हाची धार कमी होते. साखर हळूहळू चढते, हिरवा वास हळूहळू उतरतो, आणि एक पुरेशी झाली तरी दुसरा पूर्ण गेलेला नाही अशा काही दिवसांच्या फटीत घड तोडले जातात.

आंबटपणाचंही तसंच. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. यातलं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदात असतं ते, मणी श्वसनासाठी जाळत राहतो. हवा जितकी गरम तितकं ते जास्त जळतं. गार रात्री ते वाचतं. पुढे तळघरात जिवाणू त्याचं सौम्य लॅक्टिक आम्ल करून टाकतात, धार बोथट होते, तरी एकूण आंबटपणा उष्ण मुलखातल्या वाइनपेक्षा वरच राहतो. म्हणजे नाकाला जाणवणारा हिरवेपणा आणि जिभेला जाणवणारी तरतरी, दोन्ही एकाच थंडीची देणगी. लोकांना तरतरी हवी असते आणि हिरवेपणा नको असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही वाइन पिकते, पण जेमतेम पिकते, आणि तिची सगळी मजा त्या जेमतेमपणात आहे.

थंड प्रदेश म्हणजे नेमका किती थंड, याचं एक जुनं कोष्टक आहे. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर या दोघांनी ते मांडलं. १० अंश सेल्सिअसच्या खाली वेल वाढत नाही असं धरायचं, एप्रिल ते ऑक्टोबर रोजच्या सरासरी तापमानातून दहा वजा करायचे आणि उरलेल्याची बेरीज करायची. त्या बेरजेवरून पाच विभाग पडतात, सर्वांत थंड तो पहिला. कोष्टक सोयीचं आहे आणि आजही वापरलं जातं. पण सरासरीत रात्र वेगळी दिसत नाही. दुपारी तापणारा आणि रात्री गारठणारा मळा, आणि दिवसरात्र सारखाच कोमट राहणारा मळा, यांची बेरीज सारखी येऊ शकते. वाइन सारखी येत नाही.

लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्त. शिनों तिच्या वियेन या उपनदीच्या काठी, ४७ अक्षांशाच्या जरा वर. जूनमध्ये तिथे दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो, पण तो उजेड भाजून काढणारा नाही. अटलांटिकवरून दमट हवा नदीच्या खोऱ्यातून आत येते, आणि सप्टेंबरच्या शेवटी पाऊस कुठल्याही दिवशी गाठू शकतो. काबर्ने सोव्हिन्यों इथे बहुतेक वर्षी पिकतच नसे. काबर्ने फ्रां तिच्यापेक्षा साधारण आठवडाभर आधी पिकते, आणि तेवढ्या आठवड्यावर इथल्या रेड वाइनचं बरंचसं घर चाललं.

शिनोंजवळच्या एका मळ्यात तोडणीच्या तोंडावर मालकांबरोबर ओळींमधून फिरायचा योग आला. सत्तरीचे गृहस्थ. साखर मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर खिशात होतं आणि खिशातच राहिलं. त्यांनी एक मणी तोडला, गर तोंडात पिळला, साल बराच वेळ दाढेखाली चावली आणि थुंकली. मग दोन बिया तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरल्या.

“रंग बघा.”

बी पाठीवर तपकिरी होतं, टोकाला हिरवट.

“आता चावा.”

मी चावलं. टोक चिवट निघालं, फुटता फुटेना, आणि मग असा कडवट तुरटपणा सुटला की जीभ टाळूला चिकटली. ते शांतपणे पुढच्या ओळीकडे निघाले, उताराच्या वरच्या अंगाला. तिथलं बी पूर्ण तपकिरी होतं, दाताखाली कटकन फुटलं आणि चव भाजकी लागली.

“हे शुक्रवारी तोडू. खालचं आठवडाभर राहू दे.”

“पण गोडी तर दोन्हीकडे सारखीच लागतेय,” मी म्हटलं.

“गोडी आधी येते,” ते म्हणाले. “बी मागून येतं. आणि साल सगळ्यांत हट्टी.”

शनिवारी रात्री पावसाचा अंदाज होता. खालची ओळ भिजली तर मणी फुगतील, फुटतील, बुरशी धरेल, हे मला ठाऊक होतं, त्यांना तर होतंच. तरी त्यांनी ती राखून ठेवली. साखर पुरेशी असताना, पाऊस समोर दिसत असताना, फक्त बियांचं टोक हिरवं आहे म्हणून थांबणं, याला काळीज लागतं. निकाल काय लागला ते मी विचारलं नाही. शेतकऱ्याला असं काही पाहुण्याने विचारू नये.

सगळाच हिरवटपणा माझ्या पदरात घालू नका मात्र. नुसत्याच कच्च्या वाइनही या मुलखातून भरपूर निघाल्या आहेत. वेलीवर घड जास्त ठेवले, पाला दाट होऊन सावली पडली, त्यात सप्टेंबर ओला गेला, तर जे होतं त्यात फळ नावाला नसतं. उकडलेल्या भाजीचा वास, पातळ अंग, आणि हिरड्या ओरबाडणारा तुरटपणा. तसली बाटली मीही पुढे सरकवते. माझी कसोटी सोपी आहे: हिरवा वास फळाच्या मागे उभा आहे की पुढे? मागे असेल तर तो फळाला खोली देतो, त्याच्यामुळे रासबेरी जास्त रासबेरी वाटते. पुढे आला की त्याच्याशिवाय दुसरं काही कळेनासं होतं.

चांगले मळेवाले हे सगळं मळ्यातच निस्तरतात, कारण हा रेणू एकदा वाइनमध्ये उतरला की बाटलीत वर्षानुवर्षं ठेवूनही फारसा कमी होत नाही. द्राक्षाच्या देठात तो भरपूर असतो, म्हणून देठ काळजीपूर्वक वेगळे करतात. मण्यात तो मुख्यतः सालीत असतो आणि चुरडल्यावर पटकन सुटतो, त्यामुळे टाकीत गेल्यावर करण्यासारखं थोडंच उरतं. जादा घड उन्हाळ्यातच उतरवायचे, ओळींमध्ये गवत राखून वेलीचा माजोरी जोर आवरायचा, घडांभोवतीचा पाला वेळेवर काढायचा. कामं कंटाळवाणी आहेत आणि बाटलीवरच्या मजकुरात त्यांच्यातलं एकही येत नाही.

जमिनीचा फरकही पेल्यात कळतो, निदान इथे तरी. नदीलगतच्या सपाट भागात रेती आणि खडी आहे. तिथली वाइन हलकी, फळाळ, दोन-तीन वर्षांत संपवायची. वर उतारावर तुफो नावाचा चुनखडीचा मऊ दगड आहे, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ. त्याच्यावरच्या वेलींची वाइन सुरुवातीला आखडलेली असते आणि वीस वर्षंही टिकते. लुआरकाठचे ते प्रसिद्ध राजवाडे याच फिकट दगडाचे. दगड काढून काढून टेकड्यांत जी भुयारं पडली त्यांचीच पुढे वाइनची तळघरं झाली. उन्हाळा असो की हिवाळा, आत बारा अंशांच्या आसपास. भिंतीवर बोट फिरवलं तर पिठूळ पूड बोटाला लागते, छतावर काळी बुरशी पसरलेली असते, आणि ओलीमुळे बाटल्यांची लेबलं कुजतात. अशा भुयारात उघडलेली वीसेक वर्षांची शिनों मी प्यायले आहे. रासबेरीच्या जागी सुकलेली फळं आली होती, हिरव्या पानाच्या जागी तंबाखूचं पान, ओली माती आणि जंगलातला पाचोळा. हिरवेपणा गेला असं मला वाटलं नाही. वाळला होता, एवढंच.

या जमिनीतले फरक निरनिराळ्या बाटल्यांत भरायचा आग्रह शिनोंमध्ये धरला तो शार्ल जोगे यांनी. पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेला हा माणूस १९५७ मध्ये घरचा मळा सांभाळायला परतला. सगळ्या मळ्याची वाइन एकत्र करून विकायची तिथली रीत होती. जोगे एकेका तुकड्याची वेगळी बाटली काढू लागले, फ्रान्सच्याच बर्गंडी या वाइनप्रांतात काढतात तशी. सोम्यूरजवळ शासे गावात फुको बंधूंनी, शार्ली आणि नादी यांनी, क्लो रुजार या मळ्यात त्याच द्राक्षाला आणखी वर नेलं. तणनाशकाच्या वाटेला न जाता, पिंपात वाइनला हवा तेवढा वेळ देऊन. शार्ली २०१५ मध्ये गेले, मळा २०१७ मध्ये बुईग या उद्योगपती घराण्याने घेतला. त्या बाटल्यांना आता शेकडो युरो पडतात. वाइन खरोखर थोर आहे. पण शेकडो युरोंची बाटली समोर असली की माणसं वास घ्यायचं सोडून श्रद्धेने मान डोलवू लागतात, आणि मग माझं लक्ष वाइनवरून उडतं.

गंमत म्हणजे ज्या काबर्ने सोव्हिन्योंपुढे हे द्राक्ष गरीब नातेवाईक समजलं जातं, ती याचीच लेक. १९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बाउअर्स यांनी डीएनए तपासून दाखवलं की काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां हे पांढरं द्राक्ष यांच्या संकरातून ती जन्माला आली. मर्लो हे द्राक्षसुद्धा याच घरातलं. म्हणजे बोर्दो या फ्रान्समधल्या बड्या वाइनप्रांताच्या दोन्ही मोठ्या नावांमागे हाच पालक उभा आहे. मुलं जगभर गेली, त्यांनी नाव काढलं, आणि आईबाप नदीकाठच्या गारठ्यात राहिले.

मधल्या काळात तर हवा अगदीच विरोधात होती. १९९० च्या दशकापासून जगभर गडद, दाट, गोडसर फळाच्या, चौदा-पंधरा टक्के मद्यार्काच्या रेड वाइनचं कौतुक सुरू झालं. अशा दोन-चार पेल्यांनंतर शिनों समोर आली तर ती रोडकी वाटणारच. लुआरमध्येही काहींनी मग कोऱ्या ओक लाकडाची पिंपं आणली, साल जास्त दाबली, रंग काढला. त्या बाटल्यांत व्हॅनिलाचा वास असतो, भाजलेल्या लाकडाचा असतो, आणि द्राक्ष कुठलं ते ओळखायला लेबल वाचावं लागतं. मला त्या वाइन ढोबळी मिरचीपेक्षा जास्त खटकतात. कच्चेपणा निदान त्या मळ्याचा आणि त्या वर्षाचा असतो. व्हॅनिला पिंप बनवणाऱ्याकडून येतो.

थंड प्रदेशातल्या इतर रेड वाइनचेही असे स्वतःचे रेणू आहेत. सिरा हे द्राक्ष गारव्यात वाढलं तर त्याच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो. त्यामागचा रोटुंडोन नावाचा रेणू २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधला, आणि तोच मिऱ्यातही निघाला. त्यांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. पाचांतल्या सुमारे एका माणसाला हा वास जवळजवळ येतच नाही, मात्रा वाढवली तरी. वाइनवरच्या वादात मी हे आवर्जून सांगते. समोरचा हट्टाला पेटलाय असं आपण समजत असतो, आणि त्याच्या नाकापर्यंत तो वास पोचलेलाच नसतो. हिरव्या वासाच्या बाबतीतही नाकानाकात फरक आहेच. म्हणून ‘कच्ची’ म्हणणाऱ्याशी मी भांडत नाही. त्याचा पेला रिकामा राहू नये एवढं बघते.

थंडीचं कौतुक पेला हातात असताना करणं सोपं आहे. मळेवाल्याला ती एप्रिलमध्ये भेटते, आणि तेव्हा ती वेगळी असते. काडीवर डोळे फुटून कोवळी पालवी आलेली असते, आणि एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली जातो. सकाळी पालवी काळी पडलेली, कोमेजलेली. वर्षाचं पीक एका रात्रीत जातं. लुआरमध्ये १९९१ चा एप्रिल असा होता, २०१६ चा होता, २०२१ चाही. त्या रात्री मळ्यांत ओळीओळींतून मोठाल्या मेणबत्त्या पेटवतात, जमिनीलगतची गार हवा हलवायला उंच पंखे फिरवतात, काही जण हेलिकॉप्टर भाड्याने आणून वरची जरा उबदार हवा खाली ढकलतात. वेलींवर पाण्याचे फवारेही सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे बर्फाच्या आवरणात कोंडलेला कोंब शून्याच्या आसपास राहतो आणि वाचतो. या रात्रींची छायाचित्रं फार सुंदर येतात आणि दर एप्रिलमध्ये फिरत असतात. त्यांच्याखाली ‘वा, काय दृश्य!’ असं लिहिणाऱ्यांचा मला वैताग येतो.

आणि आता ती थंडीही भरवशाची राहिलेली नाही. बर्गंडीतल्या बोन गावात तोडणी कधी सुरू झाली याच्या १३५४ ते २०१८ पर्यंतच्या नोंदी संशोधकांनी एकत्र लावल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९८८ पासून तिथली तोडणी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस लवकर होऊ लागली आहे. बर्गंडी लुआरच्या पूर्वेला, द्राक्षही वेगळं, पण वारं तेच. शिनोंमध्ये पूर्वी थंड वर्षी टाकीत साखर घालून मद्यार्क वर ओढावा लागे, कायद्याने तशी सोय होती. हल्ली तिची फारशी गरज पडत नाही. २०१८, २०२०, २०२२ ही सगळी उन्हाची वर्षं, आणि त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांवर चौदा टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलेलं दिसतं.

एकाच मळ्याची २०२१ आणि २०२२ ची शिनों मी शेजारी शेजारी ओतून पाहिली. २०२२ काळसर, पिकल्या काळ्या चेरीची, मऊ, गोलसर. तक्रारीला जागाच नाही. मैत्रिणीने घोट घेऊन लगेच सांगितलं, “ही बघ, ही खरी वाइन.” २०२१ उजळ, आंबट, पाठीमागे पान आणि पेन्सिल, शेवटाला जरासा कोरा तुरटपणा. “ही तुझी,” असं म्हणून तिने पहिली बाटली स्वतःकडे ओढली. मला २०२२ वाईट वाटली नाही. मात्र डोळे मिटून प्यायले असते तर ती लुआरची आहे हे मी सांगू शकले असते का, याची शंका आहे. तसली छान, पिकलेली रेड वाइन आणखी पुष्कळ ठिकाणी होते.

मळ्यांत याचे पडसाद उमटले आहेतच. घडांना ऊन लागावं, हिरवा वास लवकर जावा म्हणून पाला काढायचं ते काम आता हात राखून होतं. कित्येक जण सकाळच्या उन्हाच्या बाजूचा पाला काढतात आणि दुपारच्या बाजूचा तसाच ठेवतात, घडांना सावली मिळावी म्हणून. एकेकाळी ज्या थंड, उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारांवर काबर्ने फ्रां लावणाऱ्याला वेड्यात काढलं असतं, त्या उतारांकडे आता बघायची नजर बदलते आहे. तुफोवरच्या चिकणमातीला गार जमीन म्हणून नावं ठेवली जायची. आता तोच तिचा गुण मोजतात.

बाटली घेताना मी हल्ली मळ्याच्या नावाआधी साल बघते आणि सालानंतर मद्यार्काचा आकडा. युरोपात त्या आकड्यात अर्धा टक्का इकडेतिकडे चालतं, तेही मनात धरते. साडेबारा असेल तर विचार न करता घ्यायची, तेरा असेल तरी घ्यायची. चौदा असेल तर बाटली उलटी करून मागच्या लेबलवर उतार कुठल्या दिशेला आहे याचा काही उल्लेख सापडतो का ते शोधते. बहुतेक वेळा तिथे ही वाइन कशाबरोबर प्यावी एवढंच लिहिलेलं असतं.